किनाऱ्यावरची शाळा आणि जहाजावरची नोकरी

कोकणात किनाऱ्यालगतच्या शाळांतल्या मुलांना समुद्र रोज दिसतो, पण समुद्रावरच्या नोकरीची वाट कुठून सुरू होते हे फार थोड्या घरांत ठाऊक असते. कोळीवाड्यातल्या मुलाला उधाण-भांग, वाऱ्याची दिशा आणि तांडेलाचे काम घरातच कळते. व्यापारी जहाजावर अधिकारी व्हायचे तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागते, ही गोष्ट मात्र बहुधा अकरावीची शाखा निवडून झाल्यावर त्याच्या कानावर पडते. शाळा, बंदर आणि जहाजावरची माणसे यांनी मिळून राबवलेल्या उपक्रमांचे पहिले काम ही माहिती वेळेत पोचवण्याचे आहे. प्रस्तुत लेखकाने डेक अधिकारी म्हणून नोकरी केल्यानंतर रत्नागिरी जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळांत असे वर्ग घेतले. पुढील विवेचन त्या अनुभवावर आधारलेले आहे.

कोकणातली माणसे पिढ्यान् पिढ्या जहाजांवर गेली, पण बहुतांशी खलाशी म्हणून. अधिकारी घडवणारे शिक्षण दूर नव्हते. १९२७ पासून मुंबई बंदरात नांगरलेल्या ‘डफरिन’ या प्रशिक्षण जहाजावर ते मिळत होते. पुढे १९७२ मध्ये ‘डफरिन’ची जागा ‘राजेंद्र’ने आणि १९९३ मध्ये नवी मुंबईतल्या ‘चाणक्य’ने घेतली. अडचण होती ती गावच्या शाळेपासून त्या दारापर्यंत पोचण्याची.

ही वाट दाखवणारे वर्ग आठवी-नववीत घेतलेले बरे. दहावीचे वर्ष परीक्षेत जाते आणि त्यानंतर फार उशीर होतो. एकदाच बंदराची सहल काढून परत आणण्याचा फारसा उपयोग होत नाही. मुलांना क्रेनची उंची लक्षात राहते, तिच्या केबिनमध्ये बसणारा माणूस तिथवर कसा पोचला हे कळत नाही. शाळेचे विज्ञान आणि भूगोलाचे शिक्षक सोबत असले आणि वर्ग वर्षभर चालले, तरच विषय रुजतो.

मुले सर्वांत जास्त रमतात ती सागरी नकाशावर. नकाशा दोन बाके जोडून पसरायचा आणि कंपासपेटीतला कर्कटक हातात द्यायचा. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. एवढे सांगितले की नकाशाच्या कडेवरून माप घेऊन मुले जयगड ते रत्नागिरी अंतर स्वतः काढतात. ते वीसएक सागरी मैल भरते. मग आकड्यांत दिलेली खोली वाचता वाचता कुणाला तरी आपल्या बापाची जाळी टाकायची जागा सापडते. एका वर्गात अशा जागेवरून दोन मुलांची चांगलीच जुंपली. तळाला खडक आहे की चिखल, हे नकाशात छापलेले होते आणि दोघांनाही ते आधीपासून माहीत होते. भूमितीचा तास कंटाळवाणा वाटणाऱ्या मुलांनी त्या दिवशी सुट्टीची घंटा झाल्यावरही नकाशा सोडला नाही.

डोळ्यांची तपासणी हा याहून कठीण, पण टाळता न येणारा भाग. रात्री समोरच्या जहाजाचा डावा दिवा लाल आणि उजवा हिरवा. त्यावरून ते कुठे चालले आहे हे ओळखायचे असते. म्हणून डेकवरच्या कामाला रंगदृष्टी निर्दोष लागते. रंगीत ठिपक्यांत लपलेला आकडा वाचण्याची चाचणी डॉक्टरांकडून शाळेतच करून घेता येते. ज्या मुलाला आकडा दिसत नाही त्याला ते सर्वांसमोर सांगू नये. पालकांना बोलावून बाजूला सांगावे. प्रशिक्षण संस्थेत फी भरल्यानंतर कळण्यापेक्षा हे आठवीत कळलेले बरे. रेल्वेच्या लोको पायलटलाही हीच अट असते. जहाजबांधणीचा आराखडा, बंदरातला माल-व्यवहार, जकातीची कागदपत्रे, गोदामांची व्यवस्था हे मार्ग अशा मुलांना खुले राहतात.

सायप्रसमध्ये शाळेतला एखादा वर्ग एक जहाज ‘दत्तक’ घेतो आणि त्याच्या कप्तानाशी पत्रव्यवहार करतो. त्याच धर्तीवर एका शाळेत नववीच्या वर्गाने ओळखीच्या अधिकाऱ्याच्या जहाजाचा वर्षभर नकाशावर पाठपुरावा केला. दुपारची स्थिती, हवामान आणि पुढचे बंदर एवढेच तो कळवी. मुले टाचण्या हलवीत आणि प्रश्न पाठवीत. एका मुलीने विचारले, ‘आमच्या होडीचे दिवे तुम्हाला रात्री दिसतात का?’ अधिकाऱ्याने खरे ते लिहिले: लाकडी होडी रडारवर अंधूक उमटते, लाटा मोठ्या असल्या तर उमटतही नाही, आणि मंद दिवा पुष्कळदा जवळ आल्यावरच दिसतो. ट्रॉल ओढणाऱ्या बोटीने हिरव्याखाली पांढरा आणि इतर मासेमारी बोटीने लालखाली पांढरा दिवा लावायचा असतो, हेही त्याने कळवले. ते उत्तर घरोघरी वाचले गेले. शाळेच्या उपक्रमाचा गावाला इतका थेट उपयोग क्वचितच होतो.

पालकसभेत मुलींचा प्रश्न हमखास निघतो. तिथे राधिका मेनन यांचे उदाहरण सांगावे. तेलवाहू जहाजाच्या कप्तान असताना जून २०१५ मध्ये त्यांनी बंगालच्या उपसागरात खवळलेल्या समुद्रातून सात मच्छीमारांना वाचवले आणि २०१६ मध्ये त्यांना आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा शौर्य पुरस्कार मिळाला. मच्छीमारांच्या घरांत ही हकिकत फार लक्ष देऊन ऐकली जाते. जमिनीवरच्या वाहतुकीत साताऱ्याच्या सुरेखा यादव यांचे नाव बहुतेकांना आधीच ठाऊक असते. २०२३ मध्ये त्यांनी सोलापूर–मुंबई वंदे भारत रेल्वेगाडी चालवली.

याच सभेत पैशांबद्दल स्पष्ट बोलावे लागते. दहावीनंतर सहा महिन्यांचा कोर्स करून खलाशी म्हणून जाता येते. पदविकेच्या मार्गाने डेक कॅडेट झाल्यास एक वर्षाचे शिक्षण आणि दीड वर्षाचा जहाजावरचा अनुभव लागतो. मरीन इंजिनीअरिंगची पदवी चार वर्षांची. या प्रत्येक वाटेवर लाखांत पैसे मागणारे दलाल भेटतात. एका बापाने म्हैस आणि बायकोचे दागिने विकून असे पैसे भरले होते आणि मुलगा कुठल्याच जहाजावर चढला नाही. संस्थेला आणि नोकरी देणाऱ्या कंपनीला मान्यता आहे की नाही, हे नौवहन महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पाहता येते. ती यादी कशी शोधायची हे पालकांना शाळेच्या संगणकावर प्रत्यक्ष करून दाखवावे, आणि दहावी-बारावीच्या निकालाच्या आठवड्यात शिक्षक व अधिकारी यांनी पुन्हा शाळेत बसावे. अर्ज त्याच दिवसांत भरले जातात आणि दलालही त्याच दिवसांत गावात येतात.