कोणती गोळी?

लग्नकार्यात कुणी ओळख करून दिली, की 'ही बुलेटप्रूफ जॅकेटं तपासते' एवढं ऐकून पुढचा प्रश्न ठरलेला असतो: 'एके-४७ची गोळी थांबते का हो?' मी उलट विचारते, कोणती गोळी? आत नुसतं शिसं, मऊ पोलादाचा गाभा, की कडक केलेल्या पोलादाचा? समोरचा हिरमुसतो, कारण त्याला हो किंवा नाही हवं असतं. पण आपल्या भारतीय मानकातही (आयएस १७०५१, सन २०१८) जॅकेटांच्या पातळ्या पाडल्या आहेत त्या याच हिशेबानं. सगळ्या गोळ्या थांबवणारं जॅकेट कुणी विकायला आलं तर त्याला चहा पाजावा आणि वाटेला लावावं.

लष्करी जॅकेटांचा इतिहास म्हणजे माणसं कशानं मरतात याची नोंदवहीच. दुसऱ्या महायुद्धात उत्तर समुद्रात कोसळलेले वैमानिक बुडून मरण्याआधी गारठून मरत. त्यांच्यासाठी मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटनं व्हेंटाइल नावाचं सुती कापड विणलं. भिजलं की त्याचे धागे फुगतात आणि विणीतली भोकं बुजतात. मला आजही हे कापड फार आवडतं. ना रबर, ना प्लास्टिकचा लेप, नुसता कापूस आणि विणकराची अक्कल! अमेरिकेच्या १९४३ सालच्या फील्ड जॅकेटनं थरांची पद्धत रूढ केली: वरचं वाऱ्याला अडवणार, आतलं ऊब धरणार. फॅशन स्ट्रीटवर टांगलेल्या बॉम्बर जॅकेटचं नारिंगी अस्तर शोभेचं वाटतं. मूळ एमए-१ मध्ये ते आलं १९६०च्या सुमाराला, ते विमान पडल्यावर जॅकेट उलटं घालून शोधपथकाच्या नजरेत भरावं म्हणून.

गोळीचा विचार त्या मानानं उशिरा आला, आणि आला तोही तुकड्यांच्या वाटेनं. त्याच महायुद्धात अमेरिकेच्या आठव्या हवाई दलाचे डॉक्टर माल्कम ग्रो यांनी बॉम्बफेकी विमानांतल्या सैनिकांच्या जखमा तपासल्या. बहुतेक जखमा विमानविरोधी तोफगोळ्यांच्या मंद वेगाच्या तुकड्यांच्या होत्या. तलवारी बनवणाऱ्या विल्किन्सन कंपनीनं त्यांच्यासाठी कापडात मँगनीज पोलादाच्या पट्ट्या शिवून दिल्या. हे फ्लॅक जॅकेट. रायफलच्या गोळीपुढे ते कुचकामी होतं, पण त्या कामासाठी ते नव्हतंच. पुढे कोरियाच्या युद्धात नायलॉन आलं. केवलार सापडलं १९६५ साली, ड्यूपाँटच्या स्टेफनी क्वोलेक यांना.

केवलारचे थर पिस्तुलाची गोळी कशी थांबवतात? नेटमध्ये सराव करताना चेंडू जाळीत अडकतो, तशी. धागे ताणले जातात, धक्का लांबवर पसरतो, मऊ शिसं चपटं होतं. रायफलची टोकदार गोळी मात्र धागे सारून पार होते. तिच्यासाठी पुढे कडक प्लेट लागते: तोंडाशी बोरॉन कार्बाइडसारखी सिरॅमिक, मागे दाबून घट्ट केलेलं पॉलिएथिलीन. सिरॅमिक गोळीचं टोक फोडते आणि त्यात स्वतःही फुटते. उरलेले तुकडे मागचा थर धरतो. म्हणून जॅकेट ट्रकमधून धाडकन खाली फेकलं की माझ्या पोटात गोळा येतो. वरचं कापड जसंच्या तसं, आत प्लेटला तडा. तो एक्स-रेशिवाय दिसत नाही.

गोळी थांबली तरी काम संपत नाही. जॅकेटच्या मागे आम्ही मातीचा ठोकळा ठेवतो. ती आधी ओव्हनमध्ये गरम करायची, मग दोन मीटरवरून किलोभर वजनाचा पोलादी गोळा तीवर सोडायचा. खळगा साधारण १९ मिलिमीटर पडला तर माती चाचणीला लायक. गोळी झाडून झाल्यावर जॅकेट बाजूला करायचं आणि मातीतला खड्डा मोजायचा. अमेरिकेच्या एनआयजे मानकात तो ४४ मिलिमीटरपर्यंत चालतो. हा आकडा १९७०च्या दशकात बकऱ्यांवर केलेल्या प्रयोगांतून आला. बकरीची छाती आणि हवालदाराची छाती एक नव्हे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी आकडा टिकून आहे, कारण त्याहून पटणारा दुसरा कुणी पुढे ठेवलेला नाही.

ओल हा माझा जुना वैरी. केवलार भिजलं की धागे एकमेकांवरून घसरतात, म्हणून पॅनेल जलरोधक पिशवीत सीलबंद असतं. पिशवीची शिवण उसवली का, हे बघायला कुणाला सुचत नाही. झायलॉन नावाच्या धाग्याचं तर फार कौतुक झालं होतं. उष्ण दमट हवेत तो आतून कमकुवत होत गेला; २००३ साली अमेरिकेत झायलॉनचं जॅकेट घातलेला पोलीस जखमी झाला आणि पुढे २००५ मध्ये त्या धाग्यावरचा विश्वासच काढून घेतला गेला. कोकणातल्या पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या चपलेला बुरशी येते, तिथे जॅकेट कुठे ठेवायचं हा प्रश्न प्लेटच्या जाडीइतकाच महत्त्वाचा आहे.

हे मला प्रयोगशाळेत कळलं. बाकीचं शिकवलं साताऱ्याकडच्या एका हवालदारानं. जॅकेट घालून तो पोटावर आडवा झाला आणि म्हणाला, 'मॅडम, आता मला समोरचं टेकाड दाखवा.' त्यानं मान वर केली तशी मागच्या प्लेटची कड हेल्मेटला लागली आणि हेल्मेट डोळ्यांवर आलं. नेम धरायला त्याला एका हातानं हेल्मेट सावरावं लागत होतं. कागदावर जॅकेट उत्तम होतं. त्यानंतर नमुना आला की मी आधी कुणाला तरी तो घालून झोपायला, वाकायला, खांद्याला बंदूक लावायला सांगते. गोळ्या मग.

वजनाचं भांडण कायमचं. एक पातळी वर चढलं की किलोंचा हिशेब पुन्हा मांडायचा, आणि दमलेला जवान सावकाश पळतो. डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीनं २०२४ मध्ये पुढं आणलेल्या 'अभेद' जॅकेटचं वजन ८.२ किलोपर्यंत खाली आलंय, ही मोठी मजल. उष्णतेचं मात्र अजून जमलेलं नाही. घाम जायला वाट ठेवायची तर गोळीलाही वाट मिळते.

सध्या माझ्या टेबलावर स्त्रियांच्या मापाची पॅनेलं आहेत. पुरुषांचं लहान माप दिलं की झालं, अशी समजूत होती; त्यानं काखेपाशी फट राहते. छातीला बाक द्यायला टिप घालावी तर तिथे थर दुमडतात आणि गोळी नेमकी तीच जागा शोधते. एनआयजेच्या २०२३च्या आवृत्तीत अशा पॅनेलांच्या चाचणीची पद्धत सुधारली आहे. आम्ही आता टिप टाळून थर साच्यात दाबून बाक आणून बघतोय. बाकावर तिरकी लागलेली गोळी कुठे सरकते, ते मोजणं चालू आहे.