कुंडलिकेचे दोन तीर

टेंभुर्णीचे नाव घेतले की ऐकणारा हटकून सोलापूरकडची टेंभुर्णी समजतो. आमची टेंभुर्णी जालना जिल्ह्यातील जाफराबाद तालुक्यातली. हा जिल्हा १ मे १९८१ रोजी निराळा झाला. तत्पूर्वी आम्ही औरंगाबाद जिल्ह्यात मोडत होतो. ज्या झाडाच्या पानांत विड्या वळतात त्या टेंभुर्णीवरून हे नाव पडले असावे. असो. सांगावयाची गोष्ट झाडाची नसून घराची आहे.

आमचे कुटुंब अविभक्त. मातोश्रींनी नव्वदीकडे पावले टाकली आहेत, तर धाकटा नातू नुकताच बाराखडी गिरवू लागला आहे. मुले-पुतणे जालन्यास नोकरीला, सकाळची एस. टी. गाठावयाची आणि रात्री दिवे लागल्यावर परतावयाचे, हा त्यांचा क्रम. गेल्या चैत्रात घरची बैठक बसली आणि ठरले की, गावचे घर मोडावयाचे नाही, परंतु जालन्यात दुसरे घर घ्यावयाचे. अट एकच, चूल एक राहिली पाहिजे. दोन-दोन खोल्यांच्या तीन बिऱ्हाडांत कुटुंब वाटून टाकण्यास मातोश्रींची संमती नव्हती, आणि खरे सांगावयाचे तर आमचीही नव्हती.

मग प्रश्न उरला, जालन्यात कोठे? बाहेरच्यास जालना हे एक शहर वाटते. वस्तुतः ती दोन गावे आहेत. मधून कुंडलिका वाहते. एका तीरास जुना जालना, दुसऱ्या तीरास नवा जालना, ज्याचे जुने नाव कादराबाद. ‘जालना सोन्याचा पाळणा’ ही म्हण दोन्ही तीरांचे लोक सारख्याच अभिमानाने सांगतात. परंतु रेल्वे स्टेशन, गांधी चमन, आनंदीस्वामींचे मंदिर ही जुन्या जालन्याची मिरास. तर सराफा, मोंढा, व्यापारपेठ ही नव्याची.

वैशाखात आम्ही, धाकटे बंधू, थोरला मुलगा व थोरली सूनबाई असे चौघे घरे पाहण्यास निघालो. उन्हाच्या कहरात घर पाहू नये असे दलालाचे मत पडले. आमचे मत नेमके उलट होते. श्रावणात प्रत्येक घर चांगले दिसते.

पहिले घर जुन्या जालन्यात, आनंदीस्वामींच्या मंदिराहून फार लांब नव्हे. दगडी जोते, सागवानी खांब, वर माळवद, मध्ये चौक आणि चौकाच्या कोपऱ्यात आड. गल्ली इतकी अरुंद की समोरच्या ओसरीवरचे बोलणे आमच्या माजघरात ऐकू यावे. आषाढी एकादशीस येथे आनंदीस्वामींची यात्रा भरते. मातोश्री काठी टेकीत दर्शनास जातील, उतरत्या दुपारी ओसरीवर कोणी तरी बोलावयास मिळेल, हे चित्र आमच्या मनात उभे राहिले आणि बाकीचे काही न पाहताच आमचा कौल त्या घरास पडला. शिक्षकाने असे करू नये, परंतु केले.

दुसरे घर नव्या जालन्यापलीकडे, देऊळगाव राजा मार्गावरील नव्या वसाहतीत होते. रुंद रस्ता, चारही बाजूंनी उजेड, प्रशस्त स्वयंपाकघर, वाहन ठेवण्यास जागा. पोरे मोकळ्या अंगणात तासभर धावली असती. चिरंजीव हरखले. मात्र शेजारी कोण राहतो हे घरमालकालाही सांगता येईना, आणि वारा फिरताच लोखंडाच्या कारखान्यांचा वास आला.

परतीच्या वाटेवर आम्ही जुन्या घराची थोरवी गात होतो. सूनबाई बराच वेळ गप्प होत्या. शेवटी म्हणाल्या, “मामंजी, देऊळ जवळ आहे हे खरे. पण दोन्हीकडे पाणी कुठून येते, हे कोणीच विचारले नाही. पाणी भरायचे आम्हाला आहे.”

आम्ही ओशाळलो. वराहमिहिराने बृहत्संहितेत वास्तुविद्येचा अध्याय संपताच भूमिगत जलाच्या शोधाचा अध्याय घातला आहे, हे आम्ही किती वर्षे वाचीत आलो. परंतु त्या क्रमाचा अर्थ सूनबाईंनी सांगितला तेव्हा कळला.

दुसऱ्या फेरीत दलालास वगळून आम्ही थेट वाणी, परटीण आणि आडावर उभ्या असलेल्या बायकांस गाठले. तेव्हा समजले की दोन्ही तीरांचे पाणीही निरनिराळे. नव्या जालन्यास घाणेवाडीचे पाणी मिळते. कुंडलिकेवरचा हा तलाव निजामाच्या काळातला, आणि उंचीवर असल्यामुळे त्याचे पाणी शहराकडे आपसूक उतरत येते. जुन्या जालन्याचा भर गोदावरीवर. ते पाणी दुरून, पंपांनी चढवून आणावे लागते, म्हणजे वीज गेली की नळ कोरडा. एवढे ऐकून आम्हांस नव्या जालन्याकडे वळावेसे वाटले. परंतु २०१२-१३ च्या दुष्काळात घाणेवाडीचा तळ उघडा पडला होता व लोकांनी वर्गणी काढून त्यातला गाळ उपसला होता, हेही तेथेच कळले. शिवाय आम्ही पाहिलेल्या वसाहतीत नळ पोहोचलाच नव्हता. सारी मदार कूपनलिकेवर व टँकरवर. नळ कोणत्याही तीराचा असो, उन्हाळ्यात त्याची वाट दिवसचे दिवस पाहावी लागते, ह्याबद्दल मात्र दोन्हीकडच्या बायकांचे एकमत होते.

तेव्हा जुन्या घरातल्या आडात आम्ही स्वतः पोहरा सोडला. दोर चौदा हात गेला आणि पाणी लागले. वैशाख वद्य पक्ष चालू होता. सूनबाईंनी ओंजळभर पाणी चाखून पाहिले व म्हणाल्या, “गोडे आहे.” मग स्वयंपाकघरात गेल्या आणि भर दुपारी त्यांना दिवा लावावा लागला. माळवदाला एकच साणे, तेही काजळीने भरलेले. बाहेर येऊन त्यांनी सांगितले, “चौकाकडची भिंत फोडून खिडकी काढणार असाल, आणि आडावर मोटार बसवणार असाल, तर मी येईन. नाहीतर आपण आणि आत्याबाई रहा.” बंधूंना ही भाषा जरा कडक वाटली. आम्हांस वाटली नाही.

आता कागदांची कथा. नव्या वसाहतीचे भूखंड गुंठेवारीचे, अकृषिक परवानगीचा पत्ता नाही. २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली ते नियमित होतील असे आश्वासन तेवढे मिळाले. जुन्या घराचे मूळ खरेदीखत उर्दूत. सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी राजवटीचा कारभारच उर्दूत चाले. आम्हांस पाणिनीची सूत्रे येतात, पण उर्दूचा अलीफ येत नाही! समोरच्या गल्लीतील एका वृद्ध मौलवीसाहेबांनी चष्मा पुसून ते खत दोन तास वाचून दाखविले, चतुःसीमा उतरवून दिल्या आणि पैसे घेण्याचे नाकारून चहा मात्र स्वतःच पाजला. त्या खतात आडाचा निराळा उल्लेख निघाला; त्याच्या पाण्यावर शेजारच्या घराचाही हक्क लिहिलेला आहे. चिरंजीवांच्या मते हा दोष. मातोश्रींना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “मग शेजारची बाई रोज येईल की.”

इसार दिला आहे. विकणाऱ्यांतील एक वारस पुण्यास असतो, त्याची सही आल्यावर खत होईल. गवंडी चौकाकडची भिंत पाहून गेला. वरच्या तुळईस धक्का न लावता चार फूट रुंदीची खिडकी निघेल असे म्हणतो. सूनबाई पाच फूट मागतात.