अम्मीने ओळखलेला पक्षी

“तुमच्या अब्बांनी जन्मभर गाडी चालवली, पण गेले कुठेच नाहीत.” अम्मी हे वाक्य एकदा सहज बोलून गेली तेव्हा आम्ही हसलो होतो. त्यात किती खरे होते, ते कळायला आम्हाला राजस्थानात जावे लागले.

अब्बा माजरीच्या उघड्या कोळसा खाणीत डम्पर ऑपरेटर होते. एकूण चौतीस वर्षे. खाणीच्या तळाशी जायचे, शॉवेलने डम्पर भरला की वळणावळणाच्या रस्त्याने वर यायचे, माल रिकामा करायचा आणि पुन्हा खाली. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. इतकी वर्षे चाके फिरली, ती त्याच एका खड्ड्यात. गावाला रेल्वेचे जंक्शन आहे. दिल्लीहून चेन्नईला जाणाऱ्या गाड्या घराजवळून धडधडत जातात. अब्बा रात्रपाळीहून येऊन ओट्यावर चहा पीत त्या गाड्यांकडे बघत बसायचे. ते काय बघतात, हे आम्ही कधी विचारले नाही.

साठाव्या वर्षी ते सेवानिवृत्त झाले. मिळालेल्या पैशांतून बहिणीचे लग्न झाले, घरावर एक मजला चढला आणि अलहमदुलिल्लाह, दोघांचा हजही झाला. आम्हाला वाटले, आता सगळे पार पडले. घर, मशीद, नातवंडे. यापुढे त्यांना आणखी काय हवे असणार? आम्ही नवरा-बायको दोघेही शिक्षक. दुसऱ्यांचे वेळापत्रक आखून देण्याची आम्हाला सवयच आहे. अब्बा-अम्मींचेही आम्ही मनातल्या मनात आखून टाकले होते.

आणि २०२४ च्या पावसाळ्यात अब्बांनी एक जुनी ईको व्हॅन विकत घेतली.

“कशाला?” आम्ही विचारले.

“वाळवंट बघायचंय. तुझी अम्मी आणि मी. गाडीतच राहू, गाडीतच शिजवू.”

अब्बांचे वय सहासष्ट. त्यांना शुगर, अम्मीचे गुडघे दुखरे, हायवेवर ट्रकांची गर्दी. आम्ही सगळी यादी वाचून दाखवली. अब्बा एवढेच म्हणाले, “चौतीस वर्षांत माझा एक अपघात दाखव.” अम्मी गप्प होती. मग तिनेच आम्हाला गप्प केले. “शाळेची सहल नेता तेव्हा चाळीस पोरं सांभाळता ना? इथं तर आम्ही दोघंच आहोत, आणि दोघंही मोठे आहोत.”

शेवटी तडजोड झाली. सूर्य मावळल्यावर गाडी चालवायची नाही. मगरिबनंतर रोज फोन करायचा. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही रेल्वेने जोधपूरला जायचे आणि वाळवंट चौघांनी मिळून पाहायचे.

परदेशात निवृत्त जोडपी स्वयंपाकघर आणि न्हाणीघर असलेल्या मोठ्या गाड्यांत महिनोन्महिने फिरतात. आपल्याकडेही आता अशा कॅरॅव्हॅन भाड्याने मिळू लागल्या आहेत. अब्बांनी गावातला सुतार बोलावला. मागची सीट दुमडल्यावर बसेल अशी उचलून ठेवता येणारी फळी त्याने करून दिली. खाली दोन पेट्या, वर गादी, झाला पलंग. लहान सिलिंडर आणि शेगडी घेतली, पण चूल गाडीबाहेरच पेटवायची, हा अब्बांचा नियम. खाणीत काम केलेला माणूस आगीबद्दल चेष्टा करत नाही. पाण्याचे दोन कॅन, ज्वारीचे पीठ, तिखट-मीठ, जानमाज, गोळ्यांचा डबा. निघताना अम्मीने नवी चप्पल घातली होती.

वरोरा, नागपूर, मुलताई, बैतूल, इंदूर, नीमच, चित्तौडगड. मुलताईला तापीचा उगम पाहून अम्मीने फोनवर सांगितले, “एवढीशी आहे रे, तळ्याएवढी.” कधी पेट्रोल पंपावर, कधी ढाब्याच्या अंगणात, तर दोनदा मशिदीच्या आवारात मुक्काम झाला. मुसाफिराला चार रकातींच्या दोन होतात. आयुष्यात पहिल्यांदा आपण इतक्या सलग कस्र नमाज पढतोय, असे अब्बा अभिमानाने सांगायचे. तिसऱ्या दिवशी फोन आला नाही. ती रात्र आम्ही कशी काढली ते आम्हालाच माहीत. सकाळी फोन आला. नेटवर्क नव्हते, एवढेच. “जेवलात का?” असे उलट अम्मीनेच आम्हाला विचारले.

जोधपूर स्टेशनबाहेर व्हॅनला टेकून उभे असलेले अब्बा आम्ही क्षणभर ओळखलेच नाहीत. उन्हाने रापले होते आणि दहा वर्षांनी लहान दिसत होते. पोकरण सोडल्यावर रस्ता असा सरळ लागला की क्षितिजापर्यंत वळण नाही. अब्बांनी एका हाताने स्टिअरिंग धरले आणि म्हणाले, “बघा, असा रस्ता असतो.”

आम्हाला पाहायचे होते ते मरुभूमी राष्ट्रीय उद्यान. जैसलमेर आणि बाडमेर या दोन जिल्ह्यांत मिळून ३,१६२ चौरस किलोमीटर पसरलेला हा प्रदेश १९८० मध्ये संरक्षित झाला. आपल्या ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्राच्या पाचपट. पण ताडोबासारखे घनदाट काही मनात आणू नका. वाळूच्या टेकड्याही थोड्याच भागात आहेत. बाकी खडकाळ माळ, सेवण नावाचे गवत, खेजडीची झाडे आणि आत अनेक लहान वस्त्या. सम गावाजवळ उंटांची रांग आणि वाळूचे डोंगर पाहून आम्ही भारावलो, तर अम्मी म्हणाली, “हे तर आपल्या खाणीचे ढिगारे!” सगळे हसलो. पण तिचे चुकले नव्हते. माजरीला डोंगर म्हणजे कोळशावरची माती काढून रचलेले ढीग. अब्बा म्हणाले, “फरक एवढाच, हे हवेनं रचले आणि ते आम्ही.”

आम्ही एक साधी खोली घेतली. ते दोघे बाहेर व्हॅनमध्येच झोपले. नोव्हेंबरची थंडी, वर इतके तारे की अम्मी उशिरापर्यंत दार उघडे ठेवून पडली होती.

फजरच्या वेळी पाण्यावरून गंमत झाली. “एवढी वाळू आहे, तयम्मुम करू या,” असे आम्ही म्हणालो. अब्बांनी कॅनकडे बोट दाखवले. “गाडीत पाणी असताना तयम्मुम कसा?” अम्मीने एका तांब्यात वुजू केला आणि तांब्यात थोडे उरवलेही. आदल्या दिवशी ती एका मेंढपाळाच्या वस्तीवर बसून आली होती. घर मुसलमानाचे, भाषा सिंधीच्या वळणाची, तरी बायकांचे बोलणे अडले नाही. ताक आणि बाजरीची रोटी झाल्यावर घरमालकिणीने तिला टांका दाखवला. टांका म्हणजे जमिनीखाली बांधलेला हौद. भोवतालची जमीन उतरती ठेवतात, म्हणजे पावसाचा थेंबन्‌थेंब त्यात येतो. तिथे वर्षाला २०० मिलिमीटरही पाऊस पडत नाही. आपल्या चंद्रपूरला हजाराच्या वर पडतो. हे ऐकून अब्बा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “खाणीत सगळ्यात मोठं काम कोणतं माहीत आहे? पाणी बाहेर फेकणं. दिवसरात्र पंप चालायचे. पाणी म्हणजे आम्हाला अडथळा वाटायचा.”

जैसलमेरपासून सतरा किलोमीटरवर आकलचे जीवाश्म उद्यान आहे. तिथे उघड्या माळावर दगड झालेली झाडे पडली आहेत. काहींवर जाळीचे पिंजरे आणि पत्र्याचे छप्पर आहे. ही झाडे सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीची. तेव्हा इथे वाळवंट नव्हते. दमट हवा होती, उंच झाडे होती. गाळाखाली गाडली गेल्यावर लाकडाच्या कणाकणाची जागा खनिजांनी घेतली आणि झाडाचा दगड झाला. आपला कोळसाही झाडांचाच, तोही २५ कोटी वर्षांहून जुना. पण तो दलदलीत दबला आणि जळण्याजोगा राहिला. वर्गात हा धडा आम्ही कितीदा शिकवला असेल. अब्बा जाळीजवळ उकिडवे बसले आणि आतल्या खोडावरच्या रेषा बघत राहिले. “म्हणजे मी चौतीस वर्षं झाडंच वाहिली,” ते म्हणाले. आम्हाला त्यावर काही उत्तर सुचले नाही.

शेवटच्या दिवशी परवाना काढून आम्ही सुदासरीला गेलो. माळढोक पाहायला. राजस्थानात त्याला गोडावण म्हणतात आणि तो त्या राज्याचा राज्यपक्षी आहे. उंची मीटरभर, नराचे वजन पंधरा किलोपर्यंत. उडणाऱ्या पक्ष्यांत फार थोडे इतके जड असतात. मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. साऱ्या देशात हे पक्षी दीडशेहूनही कमी उरले असावेत, असा अंदाज आहे. वाटाड्याने दुर्बीण लावून दिली. दूर गवतात पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी, सावकाश टाकलेली पावले. आम्ही आळीपाळीने पाहिले. अम्मीने सगळ्यात शेवटी डोळा लावला आणि लावूनच राहिली.

“हा तर मी पाहिलाय,” ती म्हणाली.

“चित्रात पाहिला असेल, अम्मी.”

“चित्रात नाही. माझ्या अब्बांच्या शेतात. वरोऱ्याकडं. ज्वारी निघाल्यावर यायचा. असाच चालायचा, जमीनदार शेत बघायला निघाल्यासारखा. नाव माहीत नव्हतं. आम्ही पोरी मागं धावायचो.”

वाटाड्या चकित झाला. “चंद्रपूर? तिथे तर वाघ असतात ना?” आम्हीही तेच समजत होतो. प्रत्यक्षात आमच्या वरोरा आणि भद्रावती तालुक्यांत माळढोकाच्या नोंदी अगदी अलीकडच्या वर्षांपर्यंत आहेत. माजरी भद्रावती तालुक्यातच येते. दीड हजार किलोमीटर प्रवास करून जो पक्षी पाहायला आलो, तो आमच्या शिवारात फिरत होता. आणि ज्यांनी तो पाहिला होता, त्या आमच्याच घरात राहत होत्या. आम्ही कधी विचारले नव्हते.

तो कमी का झाला, हे वाटाड्याने समजावले. शिकार झाली, माळ नांगरले गेले, कुत्री वाढली. आता मोठा धोका विजेच्या तारांचा. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, त्यामुळे समोरचे त्याला नीट दिसत नाही. तार जवळ आल्यावर दिसली तरी एवढ्या जड शरीराला चटकन वळता येत नाही. जैसलमेरच्या वाटेवर पवनचक्क्या, सौर पट्ट्या आणि तारांची जाळी आम्ही पाहिलीच होती. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये या भागातल्या तारा शक्य तिथे जमिनीखालून न्यायला सांगितले. मार्च २०२४ मध्ये त्या आदेशात बदल करून तज्ज्ञांची समिती नेमली, कारण कोळशाऐवजी सूर्याची वीजही देशाला हवीच आहे. एक चांगली बातमीही होती. आम्ही पोचण्याच्या थोडेच दिवस आधी, ऑक्टोबरात, तिथल्या प्रजनन केंद्रात कृत्रिम रेतनातून एका पिल्लाचा जन्म झाला होता.

परतताना अब्बा तारांकडे बघत गाडी चालवत होते. “आमच्या कोळशाची वीजही अशाच तारांनी गेली,” ते म्हणाले. त्या आवाजात पश्चात्ताप नव्हता. त्याच कोळशावर आम्ही शिकलो, बी.एड. झालो. पण एक हिशेब आपल्याला कोणी दाखवलाच नव्हता, आणि तो आता दिसला, असा तो आवाज होता.

आम्ही रेल्वेने परतलो. ते दोघे आठ दिवसांनी, सुखरूप. त्यानंतर हिवाळ्यातल्या तीन रविवारी अब्बांनी आम्हा सगळ्यांना व्हॅनमध्ये घालून वरोऱ्याकडची शिवारे फिरवली. जिथे अम्मी लहानपणी धावायची तिथे आता कपाशी आहे, सोयाबीन आहे आणि वरून तारा गेल्या आहेत. माळढोक दिसला नाही. अम्मी मात्र नातवंडांना बांधावर उभे करून दाखवत राहिली, “इथून यायचा, आणि असा तिकडे जायचा.”

शाळेत आम्ही मुलांना एक गृहपाठ दिला. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारायचे, तुमच्या लहानपणी दिसणारे आणि आता न दिसणारे काय आहे? बऱ्याच मुलांनी पानेच्या पाने लिहून आणली. एका मुलीने वहीत लिहिले होते, “नानी दोन तास बोलली. आधी कोणी विचारलं नव्हतं, असं म्हणाली.” त्या वहीवर शेरा काय द्यावा, हे आम्हाला बराच वेळ सुचेना.

परवा जेवताना अब्बांनी सोलापूरजवळच्या नान्नजचे नाव काढले. तिथे महाराष्ट्राचे माळढोक अभयारण्य आहे. अम्मीने लगेच विचारले, “ज्वारीचं पीठ किती घेऊ?” आमच्या ओठांवर शुगर, गुडघे, ट्रक ही यादी आलीच होती. ती तशीच गिळून आम्ही विचारले, “अब्बा, आमच्या सुट्ट्या लागेपर्यंत थांबाल का?”

“बघू,” अब्बा म्हणाले.