दू फूचें छप्पर

चीनच्या तांग राजवटींतील कवि दू फू (७१२–७७०) राजसेवेच्या परीक्षेंत दोनदां नापास झाला. ७५५ सालीं त्याचें तान्हें मूल भुकेनें दगावलें. त्याच वर्षीं आन लूशानच्या बंडाचा वणवा पेटला. ७६० मध्यें छेंगदू येथें त्यानें गवती झोपडी उभारली. तिचेंहि छप्पर शरदांतल्या वाऱ्यानें उडविलें. भिजतां भिजतां त्यानें कवितेंत मागितलें काय? तर जगांतील यच्चयावत् दरिद्री विद्वानांस पुरेल असें विशाल घर. तें उभें राहिलें, तर आपण गारठून मेलों तरी बेहेत्तर!

गेल्या श्रावणांत आमचेंहि छप्पर गळलें. रात्रभर आम्ही पोथ्या हलविल्या. शेजाऱ्याची भिंत खचल्याचें सकाळीं कळलें. चाळीस वर्षें परोपकाराचीं सुभाषितें मुलांकडून पाठ करून घेतलीं. त्यांचा अर्थ मात्र ह्या नापास परीक्षार्थ्यानें आम्हांस शिकविला.