इंजिनात दोन माणसे असतात

आमच्या बोदलकशाला रेल्वे नाही. तलाव आहे, तलावाला लागून जंगल आहे, हिवाळ्यात लांबून आलेली पाखरे आहेत. पण गाडीची शिट्टी ऐकायची तर तिरोड्याच्या बाजूला जावे लागते. तरीही आज मी रेल्वेच्या फाटकावर लिहायला बसलो आहे. आणि हे तुम्ही घरातल्या ट्रॅक्टर चालवणाऱ्या मुलाला वाचून दाखवावे, अशी माझी विनंती आहे. आपल्या घरी रूळ नसले तरी आपल्या वाटेत ते असतातच. धानाची मळणी झाली की पोती तिरोडा-गोंदियाकडे निघतात, लग्नसराईत वऱ्हाड निघते, दुखणाईत माणूस दवाखान्यात न्यायचा असतो. मुंबई-हावड्याचा मोठा मार्ग आपल्या जिल्ह्याला आडवा पडलेला आहे. तो कुठे पुलावरून, कुठे पुलाखालून, तर कुठे फाटकातून ओलांडल्यावाचून आपले काम होत नाही.

माझ्या मावसबहिणीचा मुलगा रेल्वेत आहे. सहायक लोको पायलट. पूर्वी आपण ज्याला ड्रायव्हर म्हणत होतो, त्याला आता लोको पायलट म्हणतात, आणि गार्डाला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात. नावे बदलली, रात्रीअपरात्री डबा घेऊन निघण्याचे काम तेच राहिले. दिवाळीला आला होता तेव्हा ओसरीवर बसून आम्ही बोलत होतो. मी सहज म्हटले, "तुमचे बरे आहे बाबा, रूळ घातलेले, वळवायचे काही नाही, नुसते बसून राहायचे." तो हसला नाही. म्हणाला, "मामाजी, तेच तर दुखणे आहे. ट्रकवाला गाडी वळवू शकतो. आम्हाला दोनच गोष्टी करता येतात. भोंगा वाजवायचा आणि ब्रेक लावायचा. बाकी समोरच्याच्या हातात."

त्याचे ते वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. पुढे दोन-तीन वेळा त्याला बसवून मी सगळे नीट विचारून घेतले, ते तुम्हाला सांगतो.

रुळाच्या कडेला पिवळी पाटी तुम्ही पाहिली असेल. तिच्यावर काळ्या अक्षरांत 'सी/फा' लिहिलेले असते. सीटी आणि फाटक. ही पाटी फाटकाच्या अलीकडे ६०० मीटरवर असते आणि तिथून फाटक ओलांडेपर्यंत शिट्टी वाजवायची असा नियम आहे. आता हिशेब करा. गाडी ताशी १०० किलोमीटरने येत असेल तर हे ६०० मीटर ती २१-२२ सेकंदांत कापते. १३० चा वेग धरला तर १६-१७ सेकंदांत. आणि आपला ट्रॅक्टर? भरलेल्या ट्रॉलीसकट त्याची लांबी पंचवीस-सव्वीस फूट. दुहेरी रुळांच्या अलीकडच्या सुरक्षित जागेपासून पलीकडच्या सुरक्षित जागेपर्यंत ट्रॉलीचे शेपूट बाहेर काढायचे तर साधारण पंचाहत्तर फूट चालावे लागते. पहिल्या गियरमध्ये, माणसाच्या चालीने, याला सोळा-सतरा सेकंद लागतात. जिथे तिसरी लाइन आहे तिथे आणखी तीन-चार. म्हणजे शिट्टी ऐकल्यावर "निघून जाऊ" म्हणून ज्याने ट्रॅक्टर घातला, त्याच्या हाती किती वेळ उरतो ते तुम्हीच पाहा. मधे इंजिन बंद पडले तर तोही नाही.

ब्रेकचे तर विचारूच नका. कोळशाची भरलेली मालगाडी म्हणजे ५८-५९ वाघिणी. सगळे मिळून वजन पाच हजार टनांच्या घरात. आपला भरलेला ट्रक पंचवीस टनांचा धरला तर असे दोनशे ट्रक एकामागे एक बांधून एकाच माणसाने थांबवायचे. इंजिनापासून शेवटच्या वाघिणीपर्यंत एक नळी असते, तिच्यात हवा दाबून भरलेली असते. ब्रेक लावणे म्हणजे ती हवा सोडणे. हवा पुढून सुटते, मागच्या वाघिणीपर्यंत ते पोचायला काही सेकंद जातात, मग चाके धरतात, आणि तरीही लोखंडावर लोखंड घसरतच राहते. पूर्ण वेगातली भरलेली मालगाडी थांबायला किलोमीटरभर तरी लागतो. म्हणजे लोको पायलटला फाटकावर ट्रॅक्टर दिसतो तेव्हा बहुधा उशीर झालेलाच असतो. तो ब्रेक लावतो, भोंग्यावरचा हात काढत नाही, आणि पाहत राहतो.

हे 'पाहत राहणे' काय असते ते भाच्याने त्याच्या एका वयस्क लोको पायलटाच्या तोंडून ऐकलेले आहे. "शेवटच्या दोन सेकंदांत तो मान वर करून पाहतो, मामाजी. त्याची आणि आमची नजरानजर होते. ते डोळे मग घरी येतात." वाफेच्या इंजिनात ड्रायव्हरपुढे लांबलचक बॉयलर तरी असायचा. आताच्या विजेच्या इंजिनात ही दोन माणसे अगदी पुढे, काचेमागे बसलेली असतात. समोर वाळूचा डंपर किंवा पोत्यांचा ट्रक आला तर मार त्यांनाही बसतो, आणि गाडी घसरली तर मागे झोपलेल्या हजार माणसांनाही. २३ ऑगस्ट २०१७ ला उत्तर प्रदेशात औरैयाजवळ कैफियत एक्सप्रेसची डंपरशी गाठ पडली. गाडीचे अनेक डबे रुळावरून उतरले, कित्येक प्रवासी जखमी झाले.

आपल्या विदर्भातली गोष्ट तर आपण कोणीच विसरू नये. ३ फेब्रुवारी २००५. नागपूर-रामटेक मार्गावर, कन्हानजवळ, फाटक नसलेल्या एका ओलांडणीवर वऱ्हाडाची ट्रॅक्टर-ट्रॉली रेल्वेपुढे आली. पन्नासहून जास्त माणसे गेली. त्यांत बाया आणि लेकरे बहुसंख्य. ट्रॉलीत वऱ्हाड कसे बसते ते तुम्हाला सांगायला नको. पाय ठेवायला जागा नसते, गाणी चालू असतात, लहान मूल कोणाच्या तरी मांडीवर झोपलेले असते. मागे बसलेल्यांना रूळ आले हे कळतही नाही. कळायला हवे ते एकट्या पुढच्याला, आणि त्याच्या कानाशी डेक वाजत असतो.

कायदा तेव्हाही होता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १३१ वे कलम सांगते, की पहारा नसलेल्या रेल्वे ओलांडणीवर गाडी थांबवायची. क्लीनर किंवा सोबतच्या माणसाने खाली उतरून रुळापर्यंत चालत जायचे, दोन्ही बाजू पाहायच्या आणि मग गाडीच्या पुढे राहून ती पलीकडे न्यायची. सोबत कोणी नसेल तर चालवणाऱ्यानेच उतरून पाहायचे. बैलबंडी ओढ्यातून काढताना आपले वाडवडील खाली उतरून पुढे चालत, तसेच हे. पण ओढ्यापुढे उतरायला आपल्याला कमीपणा वाटत नाही, रुळापुढे वाटतो.

जानेवारी २०१९ अखेर देशातल्या मोठ्या रुळांवरच्या बिनपहाऱ्याच्या साऱ्या ओलांडण्या काढून टाकल्या गेल्या. काही ठिकाणी फाटकवाला बसला, काही ठिकाणी पूल झाला, पुष्कळ ठिकाणी रुळाखालून रस्ता काढला. काम मोठे झाले, ते मान्य केलेच पाहिजे. पण रुळाखालचा रस्ता पावसाळ्यात कसा भरतो, हे कागदावर दिसत नाही. गुडघाभर पाणी साचले की ट्रॅक्टरवाला जुन्या वाटेकडे पाहू लागतो. रोवणीचे दिवस, पऱ्हे उपटून ठेवलेले, मजूर बांधीत उभे. त्याला मी मूर्ख म्हणणार नाही. मात्र त्या जुन्या वाटेवर आता कोणी गाडी येणार असे लोको पायलटला वाटत नसते. पाणी साचत असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव करून रेल्वेकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा, एकदा नव्हे दहादा पाठवावा. रुळावरून ट्रॅक्टर चढवणे हे त्याचे उत्तर नव्हे.

जळगाव जिल्ह्यात बोदवडला १४ मार्च २०२५ च्या पहाटे हेच झाले. बंद केलेल्या जुन्या फाटकाच्या जागेतून एक भरलेला ट्रक रुळावर आला आणि मुंबईहून अमरावतीला येणारी एक्सप्रेस त्याच्यावर आदळली. जीव कोणाचा गेला नाही. पण त्या गाडीत आपल्या वऱ्हाडातली माणसे झोपलेली होती, आणि पुढे काचेमागे दोघे जागे होते.

आता फाटकाबद्दल आपली जी नेहमीची कुरकुर असते, तिच्याविषयी. "गाडीचा पत्ता नाही आणि फाटक टाकून बसला!" मीही हे चारचौघांत ऐकतो. भाच्याने कारण सांगितले ते असे. पुष्कळ फाटके आता सिग्नलला जोडलेली आहेत. फाटक पूर्ण बंद होऊन कुलूप बसल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळतच नाही. वेगात येणाऱ्या गाडीला तो सिग्नल फार लांबून हिरवा दिसावा लागतो, नाहीतर तिला आधीच वेग कमी करावा लागतो. म्हणून गाडी दिसण्याच्या कितीतरी आधी फाटक पडते. खाली येणाऱ्या दांडीखालून एखाद्याने ट्रॉली घुसवली, की फाटक अडकते, सिग्नल लालच राहतो, पाच हजार टनांची गाडी उभी राहते आणि तिच्या मागच्याही. फाटकवाल्याच्या अंगावर धावून जाऊन फाटक उघडायला लावणारे वीर प्रत्येक तालुक्यात असतात. रेल्वे कायद्याच्या १६० व्या कलमाप्रमाणे बंद फाटक उघडले तर तीन वर्षांपर्यंत आणि तोडले तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे त्यांच्या कानावर घालावे.

फाटक उघडे आहे म्हणून डोळे मिटून जावे असेही नाही. तामिळनाडूत कडलूर जिल्ह्यात ८ जुलै २०२५ ला शाळेच्या व्हॅनला रेल्वेची धडक बसली, तीन मुले गेली. तिथे फाटकवाला होता, पण ते फाटक सिग्नलला जोडलेले नव्हते. फाटकवालाही माणूसच आहे.

आणखी एक गंमत, खरे तर गंमत नव्हे. दुरून येणारी रेल्वे सावकाश येते आहे असे आपल्याला वाटते. हर्शेल लायबोविट्झ नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये यावर लिहिले. मोठी वस्तू डोळ्याला तिच्या खऱ्या वेगापेक्षा हळू वाटते. हे वाचले तेव्हा मला आमचा तलाव आठवला. पाण्यावरून मोठा करकोचा जातो तेव्हा आरामात चालल्यासारखा वाटतो, आणि लहान बदक पंख फडफडवत किती घाईने जाते असे वाटते. त्यातून गाडी सरळ समोरून पाहिली तर ती फक्त थोडीथोडी मोठी होत जाते, धावताना दिसतच नाही. दुहेरी रुळावर तर एक गाडी गेली की तिच्या आड दुसरी असू शकते. मागचा डबा डोळ्यांसमोरून गेला म्हणजे वाट मोकळी झाली, असे नाही.

धडक झाल्यावर इंजिनातली माणसे काय करतात, हेही ऐका. गावकरी म्हणतात, मेलेल्याकडे पाहिले नाही, दुसऱ्याच दिशेला पळाला. तो पळत नसतो. शेजारच्या रुळावरून दुसरी गाडी येत असेल तर ती पडलेल्या माणसांवर आणि डब्यांवर येईल, म्हणून ती थांबवणे हे त्याचे पहिले काम. इंजिनावरचा पिवळा दिवा लुकलुकता ठेवायचा, सहायकाने लाल झेंडी, रात्री लाल दिवा आणि पटाखे घेऊन धावायचे. ६०० मीटरवर एक पटाखा रुळावर बांधायचा, १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. समोरून येणाऱ्या गाडीच्या चाकाखाली ते फुटले की तिकडचा लोको पायलट गाडी उभी करतो. अंधारात, खडीवरून, मागे किंकाळ्या ऐकू येत असताना. भाचा पंचवीस वर्षांचा आहे. त्याच्यावर ही वेळ अजून आलेली नाही. माझी बहीण रोज देवापुढे दिवा लावते.

लोकांचा रागही त्यांच्यावरच निघतो. बिहारमध्ये धमारा घाटला १९ ऑगस्ट २०१३ ला रूळ ओलांडणारे यात्रेकरू गाडीखाली सापडले, तेव्हा जमावाने लोको पायलटला मारहाण केली आणि डबे पेटवून दिले. दुःखात माणसाचे भान सुटते हे खरे. पण ज्याच्या हातात वळवायला चाक नाही, त्याला मारून काय मिळाले?

भाच्याला मी शेवटी विचारले, ट्रॅक्टर रुळात अडकलाच तर काय करावे? त्याने लगेच सांगितले. आधी सगळी माणसे उतरवून रुळापासून दूर न्यायची. ट्रॅक्टरचा, पोत्यांचा मोह सोडायचा. फाटकवाला असेल तर त्याच्याकडे स्टेशनचा फोन असतो, त्याला ओरडून सांगायचे. नसेल तर मोबाइलवरून १३९ लावायचा. आणि दोघांनी दोन दिशांना रुळाच्या कडेकडेने धावत सुटायचे. दिवसा लाल कापड हलवायचे, ते नसेल तर दोन्ही हात डोक्यावर सरळ उभे धरायचे. रात्री बॅटरी, कोणत्याही रंगाचा उजेड, जोरजोरात हलवायचा. ही खूण प्रत्येक लोको पायलटला शिकवलेली असते. ती दिसली की तो कारण न विचारता ब्रेक लावतो.

"आणि मामाजी," तो म्हणाला, "रूळ आले की तो डेक तेवढा बंद करायला सांगा. आम्ही भोंगा वाजवून वाजवून दमतो."

गेल्या वैशाखात आमच्या आळीतले वऱ्हाड ट्रॉलीतून निघाले तेव्हा नवरीच्या धाकट्या मामाला बॅटरी देऊन पुढे बसवले होते. रूळ आले की उतरायचे, एवढेच त्याचे काम. नवे बूट घातलेले, त्यामुळे पोराने थोडी कुरकुर केली. परत आल्यावर विचारले तर म्हणाला, जाताना उतरलो, येताना उतरलो, आणि येताना दोन मालगाड्या जाईपर्यंत सगळ्यांना फाटकावर बसवून ठेवले. म्हाताऱ्यांनी तेवढ्यात पान लावून खाल्ले.