आबांचा खिसा

होस्टेलवर चाकू ही मोठी विचित्र वस्तू आहे. रोज सगळ्यांना लागते आणि वेळेवर कुणाकडेच नसते! घरून आलेलं पार्सल किल्लीने फाडलं जातं, वायर दातांनी सोलली जाते, आंबा चोखूनच खावा लागतो आणि कलिंगड आणायचं धाडस तर कुणी करतच नाही. ड्रॉइंग सबमिशनच्या रात्री पेन्सिलीला टोक करायला एक अर्धं ब्लेड अख्ख्या विंगमध्ये फिरतं. दुसरीकडे मोबाइल उघडावा तर काळ्याकुट्ट 'टॅक्टिकल' चाकूंचा नुसता सुकाळ. पात्याला करवतीचे दाते, मुठीत होकायंत्र, काच फोडायचं टोक, सीटबेल्ट कापायचं हुक... स्वारी जाते मेसपासून लायब्ररीपर्यंत आणि तयारी मात्र ॲमेझॉनच्या जंगलाची!

मग रोज जवळ बाळगायला नेमकं काय घ्यावं? मला याचं उत्तर कुठल्या साइटवर नाही, आजोळी सापडलं. चिखली तालुक्यातलं अमडापूर हे माझं आजोळ.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. तिथे 'नाइफ'मधला 'के' सायलेंट असतो एवढं पक्कं पाठ झालं. पण अमडापूरला गेलं की त्या एका शब्दाचे डझनभर तुकडे होतात. भाजीला विळी, गवताला विळा, फांदीला कोयता, सुपारीला अडकित्ता, चामड्याला रापी, दाढीला वस्तरा. प्रत्येकाचं काम ठरलेलं. 'चांगला विळा कोणता?' असं तिथे विचारून बघा. उलट प्रश्न येतो, 'सोयाबीन सोंगायचं हाय का गवत कापायचं?' आपण मात्र आधी वस्तू पसंत करतो आणि मग तिच्यासाठी काम शोधत बसतो.

आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या बंडीच्या खिशात चार वस्तू कायम असतात. घडीचा चाकू, सुतळीचा गुंडा, टेस्टर आणि चुन्याची डबी. रात्री शेतात जायचं असलं की कपाळाला बांधायची बॅटरी आणि हातात काठी. बस्स! मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी मुद्दाम मोजलं. एका दिवसात तो चाकू चौदा वेळा बाहेर निघाला. खताच्या पोत्याची शिवण उसवायला, ठिबकची नळी कापायला, केबल सोलायला, सुतळी तोडायला आणि बांधावर बसून काकडी खायला. पातं जेमतेम तीन इंच. लाकडी मूठ घासून घासून तुळतुळीत झालेली.

आता आमच्या बुलडाणा जिल्ह्यात रात्रीचं शेतात जाणं म्हणजे गंमत नाही. ज्ञानगंगा अभयारण्य जिल्ह्यातच आहे. तिथे अस्वलं आहेत, बिबटे आहेत. २०१९ मध्ये तर टिपेश्वरहून निघालेला एक वाघ तेराशे किलोमीटर चालून तिथे येऊन राहिला होता! पंपाची लाइन रात्रीची असली की माणसाला अंधारातच ओलिताला जावं लागतं. म्हणून मी आबांना विचारलं, "अस्वल समोर आलं तर हा एवढासा चाकू पुरेल का?" आबा हसले. म्हणाले, "चाकू काढेलोक अस्वल थांबते काय बाई? आधी दिसलं पाह्यजे. दिसलं तं आपुन दुसऱ्या वाटेनं जातो."

विचार केला तर यात सगळंच आलं. अस्वल माणसावर धावतं ते बहुतेक अचानक जवळून गाठ पडली म्हणून. त्यामुळे उजेड आणि आवाज हीच खरी हत्यारं. बॅटरी कपाळाला, कारण एक हात काठीला आणि एक हात कामाला मोकळा हवा. सापाचंही तेच. घोणस पायाखाली येण्याआधी दिसली पाहिजे. आणि चुकून चावलीच तर चाकूला हात लावायचा नाही. सिनेमातल्यासारखी जखम चिरून विष निघत नाही, उलट रक्तस्राव वाढतो. पाय हलू द्यायचा नाही, १०८ ला फोन करायचा आणि दवाखाना गाठायचा.

चाकू कसा पारखायचा हे मात्र मला कळलं ते लोहाराच्या भात्यापुढे. ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा तुकडा तापवून, ऐरणीवर ठोकून त्याचा विळा होताना मी पाहिला. त्या स्टीलमध्ये अर्धा ते पाऊण टक्क्याच्या आसपास कार्बन असतो, म्हणून ते चांगलं कडक होतं. लोहार त्याला 'पाणी देणं' म्हणतो. आपण जर्नलमध्ये 'क्वेंचिंग' लिहितो. नुसतं कडक केलेलं पातं काचेसारखं तडकतं, म्हणून पुन्हा थोडी ऊब देऊन त्याचा ठिसूळपणा काढायचा, ते आपलं 'टेंपरिंग'. आपल्याकडे त्यासाठी फर्नेस आणि थर्मोकपल, त्याच्याकडे लोखंडाच्या बदलत्या रंगाची नजर. व्हायव्हात मला हा प्रश्न आला तेव्हा डोळ्यांपुढे पुस्तक नाही, तो भाता होता.

तर तुम्हाला घ्यायचाच असेल तर एवढं बघा. पातं तीन इंचांच्या आत असावं. घडीचा असेल तर उघडल्यावर पक्का अडकणारा असावा, नाहीतर जोर दिला की तो आपल्याच बोटांवर मिटतो. स्टेनलेस असेल तर गंजायची चिंता कमी, साधं कार्बन स्टील असेल तर धार चटकन लागते पण पुसून ठेवावा लागतो. मूठ ओल्या हातात निसटू नये. करवतीचे दाते नकोत, ते घरी सहज पाजवता येत नाहीत. बोथट चाकू धारदारपेक्षा जास्त धोक्याचा, कारण त्याला जोर लावावा लागतो आणि मग तो घसरतो.

'टॅक्टिकल' शब्दाला भुलू नका. स्विस सैन्याने १८९०च्या दशकात आपल्या सैनिकांना जो घडीचा चाकू दिला, त्यात काय होतं? एक पातं, एक टोचा, डबा फोडायचं अवजार आणि बंदूक खोलायला स्क्रू-ड्रायव्हर. खुद्द सैनिकाच्या खिशातही जेवणाचं आणि दुरुस्तीचंच सामान! पुढे १८९७ मध्ये कार्ल एल्सेनर यांनी त्यातूनच ऑफिसर लोकांचा हलका चाकू काढला आणि तो जगभर गेला.

कायदाही माहीत असावा. शस्त्रांच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्र धरले जातात, घरकाम, शेती वगैरेसाठी बनवलेले सोडून. शिवाय सणावाराला किंवा निवडणुकीत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाईचे आदेश निघतात, तेव्हा साधा चाकू-काठीसुद्धा घेऊन फिरू नये. विमानात तर हातातल्या बॅगेत चालतच नाही. आणि होस्टेलमध्ये ठेवायचा तर रेक्टर मॅडमना दाखवूनच ठेवावा. मी दाखवला आहे.

हो, माझ्याकडेही एक आहे. पहिल्या वर्षी इथे यायला निघाले तेव्हा आईने तो माझ्या बॅगेत ठेवला. 'रात्रीच्या एस.टी.ने येशील-जाशील, असू दे जवळ.' तिने हे वाक्य पूर्ण केलं नाही आणि मीही विचारलं नाही. आपल्यापैकी कितीतरी मुलींच्या बॅगेत असा न बोललेला काहीतरी ऐवज असतो. पण खरं सांगू? चिखलीच्या स्टँडवर रात्री उतरल्यावर बॅगेच्या तळाशी असलेल्या चाकूने मला कधी धीर दिला नाही. तो काढायला वेळ लागतो, उघडायला वेळ लागतो आणि समोरचा ताकदीचा असेल तर तोच त्याच्या हातात जातो. आबांचं वाक्य मी इथेही लावून पाहिलं. आता उजेड असलेल्या बाजूला उभी राहते, गळ्यात दहा रुपयांची शिट्टी असते, हातात छोटी बॅटरी, फोनमध्ये ११२, आणि मामा स्टँडवर आधीच येऊन थांबलेले असतात. आईला हे सगळं समजावून सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "चाकू पण राहू दे." राहू दिला. आईची काळजी आहे ती, बॅगेत फार जागा घेत नाही. मी त्याने पेन्सिली तासते.

अमडापूरला अजून एक रीत आहे. विळा, चाकू कुणाच्या हातात देत नाहीत, हातात दिला तर भांडण होतं म्हणे. जमिनीवर ठेवायचा आणि दुसऱ्याने उचलायचा. अंधश्रद्धा म्हणून मी आधी हसायचे. आता वाटतं, ज्याने कुणी ही रीत पाडली त्याची बोटं नक्कीच शाबूत राहिली असणार! तेव्हा आमच्या विंगमध्ये कधी चाकू लागला तर खुशाल मागा. टेबलावर ठेवीन, तुमचा तुम्ही उचला. फक्त परत करताना पुसून द्या.