कातळाच्या पोटी

वाघोलीच्या खाणीतला काळ्या पाषाणाचा एक तुकडा समोर ठेवला आहे. बाहेरून राकट, मुठीएवढा. आत लिंबाएवढी पोकळी. पोकळीच्या कडेनं पांढऱ्या, मोत्याच्या झाकेच्या पेंढ्या उभ्या आहेत. मधोमध आवळलेल्या, दोन्ही टोकांना फुललेल्या, सुगीत बांधाव्यात तशा. हे स्टिल्बाइट. आणि त्या शुभ्रावर मोहरीहून जरा मोठा एक गर्द निळा गोंडा. भिंग जवळ नेलं की गोंड्याच्या सुया सुट्या होतात. हे कॅव्हन्साइट.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी हा कातळ वाहत होता. वायूचे बुडबुडे निसटायच्या आत तो थिजला, आणि बुडबुड्यांच्या जागी इवल्या खोल्या उरल्या. मग त्यांत ऊन पाणी झिरपत राहिलं. आसपासच्या खडकातलंच थोडं थोडं विरघळवून आणायचं, भिंतीवर अलगद ठेवायचं, पुन्हा आणायचं. किती सावकाश चाललं असेल ते!

या स्फटिकांचं कुळ कसं सांगायचं? रंगावरून नाही, रंग फसवा. धातूवरूनही नाही. कॅल्शियम इथल्या स्टिल्बाइटात आहे, शेजारच्या पोकळीतल्या कॅल्साइटातही आहे, तरी ही दोघं एका घरातली नव्हेत. कॅल्शियमनं कार्बोनेटाचा हात धरला तर कुळ एक, सिलिकेटाचा धरला तर दुसरं. खनिजाचं कुळ ऋणभाराच्या सोबत्यावरून ओळखतात. आपल्या भाषेत ऋणानुबंध हा शब्द किती आधीपासून होता. इथे त्याला ऋणाणुबंध म्हणावंसं वाटतं.

पण सोबती कळले म्हणून घर कळत नाही. १९१२ मध्ये क्ष-किरण स्फटिकातून पार गेले आणि आतली मांडणी पहिल्यांदा उजेडात आली. सिलिकेटात एका सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन, चार टोकांची एक चिमुकली चौफळी. या चौफळ्या सुट्या राहिल्या तर ऑलिव्हीन. साखळीत गुंफल्या तर ऑजाइट, या पाषाणाला काळेपण देणारं. पदरांत पसरल्या तर अभ्रक, नखानं पापुद्रे सुटणारं. चारही टोकांनी चहूकडे जोडल्या गेल्या तर गारगोटी. ह्यूगो श्ट्रुन्झनं १९४१ मध्ये रसायन आणि रचना हे दोन्ही धागे एकत्र विणून खनिजांची मांडणी केली. आज ५,००० हून अधिक खनिजं माहीत आहेत, आणि प्रत्येकाची ओळख याच दोन धाग्यांनी पटते.

स्टिल्बाइट ज्या झिओलाइटांचं, त्यांची रचना तर मला एखाद्या वाड्यासारखी वाटते. काही सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम येऊन बसतं, तेवढा भार उणा पडतो, आणि ती उणीव भरायला कॅल्शियम, सोडियम ओसरीवर वस्तीला येतात. त्यांच्यासोबत पाणी. दगडात पाणी! १७५६ मध्ये स्वीडनच्या क्रोनस्टेटनं फुंकनळीच्या ज्योतीत असा खडा धरला, तर तो फसफसला. म्हणून नाव झिओलाइट, उकळणारा दगड. बेतानं तापवलं तर पाणी निघून जातं, वाडा बहुधा उभा राहतो. ओल मिळाली की पाणी परत घरी येतं. कातळाच्या पोटातल्या पोकळीत स्फटिक, आणि त्या स्फटिकाच्या पोटात पुन्हा पोकळ्या.

आता निळ्या गोंड्याकडे वळू या. कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकॉन यांच्या आद्याक्षरांतून कॅव्हन्साइट हे नाव घडलं. त्याचं एक भावंड आहे, पेंटॅगोनाइट. दोघांचं वर्णन १९७३ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या नमुन्यांवरून झालं. वाघोलीच्या पाषाणात दोघंही नांदतात. निळाई जवळजवळ तीच. घटक तेच, त्यांचं प्रमाणही तेच, तितकंच पाणी. फरक एवढाच, की कॅव्हन्साइटात चौफळ्यांची कडी चार-चार आणि आठ-आठ जणींची, पेंटॅगोनाइटात सहा-सहा जणींची. हात कुणी कुणाचा धरला, एवढ्यानं खनिज दुसरं झालं. पेंटॅगोनाइटाचे पाच स्फटिक बिलगून वाढतात आणि सुईच्या टोकाशी पाच कोनांची चांदणी उमटते.

भिंग पुन्हा उचललं आहे. गोंड्यापासून जरा दूर, पेंढीच्या आडोशाला, एक निळी सुई एकटी उभी आहे. तिचं टोक अजून सावलीत आहे. कोन मोजायचे तर खिडकीतलं ऊन बोटभर सरकायला हवं. थोडं थांबू या.